एका पेपरासाठी लेकीची शाळा थांबवू नका

(सावित्रीबाई फुले जयंतीनिमित्त ३ जानेवारीला पुसद तालुक्यातील गटांच्या मेळाव्यात आपल्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं भाषण. ज्या ताया येऊ शकल्या नाहीत त्यांच्यासाठी इथं छापत आहोत. गटाच्या बैठकीत मोठ्यानं वाचावं.)



कापूस वेचणीचे दिवस आहेत. तुरीची सोंगणी डोक्यावर आहे. एक दिवसाची मजुरी बुडवून तुम्ही आलात, म्हणून मी इकडचं तिकडचं बोलून तुमचा वेळ घेणार नाही. आज एकाच गोष्टीवर बोलायचं आहे. दहावीचा इंग्रजीचा पेपर.

तुम्ही म्हणाल, सावित्रीमाईच्या जयंतीला इंग्रजीचा पेपर कुठून आला? तर ऐका. सावित्रीमाईंचं 'काव्यफुले' हे पुस्तक १८५४ साली छापलं गेलं. त्यात त्यांनी आपल्या लोकांना इंग्रजी शिका म्हणून सांगितलं आहे. तेव्हा तर मुलीनं मराठी अक्षर गिरवलं तरी लोक शेण मारत होते. अशा काळात ती माय इंग्रजीबद्दल बोलत होती. कारण तिला दिसत होतं, की ज्या भाषेत कारभार चालतो ती भाषा ज्याला येत नाही, त्याला कारभाराच्या दाराबाहेर बसावं लागतं.

आता आपल्या गावातलं बोलू. दहावीचा निकाल लागतो. मोबाईलवर निकाल बघतात. मराठीत पास, हिंदीत पास, समाजशास्त्रात चांगले मार्क, आणि इंग्रजीत पोरगी गेली. मग काय होतं? एका घरी मी निकालानंतर गेले होते. माय म्हणाली, "इंग्रजीत गेली ना मॅडम, आता काय शिकवाचं तिले? येऊ द्या वावरात." बाप काही बोलला नाही. दिवाळीनंतर त्या पोरीला बघायला पाहुणे आले. तिचं वय तेव्हा सोळा.

त्या पोरीला पाच विषय येत होते. एक येत नव्हता. पाच विषय कोणी मोजले नाहीत. एका विषयानं तिचं सगळं ठरवून टाकलं. हे आपल्या गटांना थांबवता येतं, आणि कसं थांबवता येतं तेच मी आज सांगणार आहे.

इंग्रजीच का अडते?

आधी एक समजून घ्या. आपल्या लेकरांची अक्कल कमी आहे म्हणून ती इंग्रजीत अडकतात असं नाही. बोर्डाच्या कागदावर इंग्रजी ही 'तृतीय भाषा' आहे, म्हणजे तिसरी. पण तांड्यावरच्या लेकराचा हिशोब करा. घरी गोरमाटी बोलतं. शाळेत गेलं की मराठी. मग हिंदी. मग इंग्रजी. तिच्यासाठी ती चौथी झाली. आपल्याकडच्या आंध, कोलाम, गोंड लेकरांपैकी कितीतरी जणांचं तसंच. चार भाषांचं ओझं घेऊन चालणाऱ्या लेकराला "तुले इंग्रजी नाही येत" म्हणून हिणवायचं नसतं, तीन येतात म्हणून शाबासकी द्यायची असते आणि चौथीला हात द्यायचा असतो.

दुसरं कारण तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. दिवाळी झाली की ऊसतोडीला, बांधकामाला माणसं बाहेर पडतात. लेकरू सोबत गेलं तर चार-पाच महिने शाळा गेली. गणित, मराठी मागून थोडंफार भरून निघतं. इंग्रजीचं तसं नाही. घरात ती कोणाच्या तोंडून कानावर पडत नाही, म्हणून शाळा सुटली की इंग्रजी सगळ्यात आधी सुटते.

आणि आपलं स्वतःचं बघा. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी २००० साली सुरू झाली. त्याच्या आधी ती पाचवीपासून होती. म्हणजे इथं बसलेल्या ज्या मावश्या चौथीत शाळा सोडून घरी बसल्या, त्यांना ए बी सी डी सुद्धा शाळेनं शिकवली नाही. मग लेक पुस्तक घेऊन बसली की आपण म्हणतो, "मले काय समजते त्यातलं?" आणि उठून जातो. हे उठून जाणंच बंद करायचं आहे.

पेपर आहे तरी कसा?

कर्ज म्हटलं की पहिल्यांदा आपल्या पोटात गोळा यायचा. मग आपण ते हप्त्यांत मोडून बघायला शिकलो. मुद्दल किती, व्याज किती, हप्ता किती. मोडलं की भीती जाते. हा पेपर तसाच मोडून बघू.

इंग्रजी एकूण १०० गुणांची. त्यातले ८० लेखी पेपराचे आणि २० शाळेतल्या तोंडी व अंतर्गत मूल्यमापनाचे. दोन्ही मिळून ३५ झाले की पास.

आता ८० चे तुकडे करू. भाषाअभ्यास म्हणजे व्याकरण आणि शब्दांचे खेळ, १० गुण. पुस्तकातले दोन उतारे, २० गुण. कविता, १० गुण. पुस्तकाबाहेरचा उतारा आणि त्याचा सारांश, १५ गुण. लेखनकौशल्य, २० गुण. आणि शेवटी भाषांतर, ५ गुण. झाले ऐंशी.

आता एकेकाकडे बघा, आणि सांगा यातलं काय आपल्याला अगदीच परकं आहे.

लेखनकौशल्यात पत्र असतं, ५ गुणांचं. पत्राची मांडणी ठरलेली असते. तारीख, कोणाला, विषय, मजकूर, खाली आपली सही. बँकेच्या व्यवस्थापकांना गटाचा अर्ज तुम्ही कितीदा दिला आहे? मांडणी तीच आहे. भाषा तेवढी बदलते.

पुढे एक प्रश्न असतो, माहितीचं रूपांतर. तक्ता किंवा आकृती देतात, त्यावरून परिच्छेद लिहायचा. नाहीतर परिच्छेद देतात, त्याचा तक्ता करायचा. हेही ५ गुणांचं. आपल्या सचिवताई दर बैठकीत काय करतात? हिशोबाचा तक्ता समोर ठेवतात आणि बोलून सांगतात, या महिन्यात बचत इतकी, कर्ज इतकं, थकीत इतकं. त्या हेच करतात.

सारांशाला ५ गुण. इतिवृत्त लिहिणाऱ्या ताईंना विचारा. दोन तास बैठक चालते, भांडणं होतात, चहा होतो, आणि इतिवृत्तात कामाच्या आठ ओळी येतात. सारांश म्हणजे तेच. बातमी लिहा किंवा गोष्ट वाढवा, असाही ५ गुणांचा प्रश्न असतो.

पुस्तकाबाहेरचा उतारा म्हटलं की पोरी घाबरतात, "आम्हाला शिकवलंच नाही." पण त्यातल्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरं त्याच उताऱ्यात लिहिलेली असतात. शांतपणे दोनदा वाचून शोधायची असतात. घाबरून कोरा सोडला तर शून्य.

आणि भाषांतर. इंग्रजी शब्द, वाक्यं आणि एखादी म्हण, यांचा अर्थ आपल्या भाषेत लिहायचा. इथं मायबाईचा उपयोग होतो बरं का. लेकीला इंग्रजी शब्दाचा अर्थ कळला तरी अचूक मराठी शब्द सुचत नाही. म्हणी तर या पिढीला माहीतच नाहीत. तुमच्याकडे म्हणींचं पोतं आहे. रोज संध्याकाळी भाकरी करता करता तिला एक म्हण सांगा आणि विचारा, "अशी तुमच्या इंग्रजीत आहे का?" ती शोधेल.

तुम्ही स्वतःला इंग्रजी येत नाही म्हणता, पण मी ऐकते ना तुम्हाला. लोन, सेव्हिंग, बॅलन्स, अकाउंट, पासबुक, केवायसी, लिंकेज, सबसिडी. आठ शब्द तर उभ्या उभ्या झाले. बँकेच्या काउंटरवर उभं राहून शिकलात, पुस्तकातून नाही. लेकीसमोर हे शब्द बोला. तिला कळू द्या की माय पण शिकते आहे.

त्या वीस गुणांचं काय?

शाळेतले जे २० गुण आहेत, त्यांच्याकडे आपलं लक्ष नसतं. २०१९ च्या परीक्षेला भाषा विषयांचे हे अंतर्गत गुण काढून टाकले होते. नवा अभ्यासक्रमही त्याच वेळी होता. राज्याचा दहावीचा निकाल आदल्या वर्षी ८९.४१ टक्के होता, तो त्या वर्षी ७७.१० टक्क्यांवर आला. पुढच्या वर्षीपासून ते गुण परत दिले. एवढं त्या वीस गुणांचं वजन आहे.

म्हणून तोंडी परीक्षेच्या दिवशी लेक शाळेत हजर पाहिजे. फेब्रुवारीत लेखीच्या आधी ही तोंडी होते. हळदीकुंकू, लग्न, वेचणी, काहीही असो, त्या दिवशी तिला घरी ठेवायचं नाही. तारीख शाळेतून आजच विचारून घ्या आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोल करा.

पण एक गोष्ट सरळच बोलते. वीसपैकी चांगले गुण मिळाले आणि लेखीत थोडे पडले, की पोरगी पास होते. पास होणं आणि इंग्रजी येणं यात अंतर आहे. अकरावी-बारावीत इंग्रजी पुन्हा सक्तीची आहे, कला शाखा घ्या, वाणिज्य घ्या की विज्ञान. नर्सिंगला जायचं तर बारावी पास लागते आणि इंग्रजीही लागते. अंगणवाडी सेविका-मदतनीस पदालाही आता बारावी पास लागते. म्हणून ३५ वर समाधान मानू नका. ३५ म्हणजे दार उघडलं, एवढंच. आत चालायचं तर पाय मजबूत पाहिजेत.

दहावीची वाट बघू नका

दहावीत येईपर्यंत कळत नाही असं म्हणू नका. राज्यात २०२३-२४ पासून शाळांमध्ये वर्षातून तीनदा चाचणी होते. पायाभूत, संकलित एक आणि संकलित दोन. विषय तीनच: पहिली भाषा, गणित आणि इंग्रजी. तिसरीतल्या लेकराचीही होते. म्हणजे लेकरू इंग्रजीत कुठं आहे हे गुरुजींना माहीत असतं. आपण विचारत नाही. पालकसभेला जाऊन फक्त "पोरगं दंगा करते का?" एवढंच विचारतो. आता असं विचारा, "गुरुजी, माझं लेकरू इंग्रजीचं वाक्य वाचते का? वाचून त्याला समजते का?" हे विचारायला आपल्याला इंग्रजी यायची गरज नाही.

सात आठवडे उरले, आता काय करता येईल?

ज्यांच्या घरी यंदा दहावी आहे, त्यांच्याकडे साधारण सात आठवडे आहेत. तीन कामं करा.

पहिलं, वेळ द्या. पाणी भरणं, धुणं, लहान भावाला सांभाळणं, यातलं तिचं एक काम दोन महिने दुसऱ्याला द्या. दुसऱ्याला म्हणजे तिच्या भावालाही चालते. रोज एक तास फक्त इंग्रजीचा.

दुसरं, मोठ्यानं वाचायला लावा. तुम्ही समोर बसा. तुम्हाला समजलं नाही तरी ती अडखळली कुठे हे तुमच्या कानाला कळते. अडखळली त्या शब्दाखाली रेघ मारायला सांगा, दुसऱ्या दिवशी बाईंना किंवा सरांना विचारू द्या. वाचून झालं की म्हणा, "आता मले मराठीत सांग." तिच्या पुस्तकात 'भोली' नावाची गोष्ट आहे, ख्वाजा अहमद अब्बास यांची. देवीच्या व्रणांमुळे आणि तोतरेपणामुळे घरच्यांनी जिला मागं टाकलं ती पोरगी शाळेत जाते, एका बाईंच्या मायेनं शिकते, आणि लग्नाच्या मांडवात नवरदेव पाच हजार रुपये मागतो तेव्हा त्याला नाही म्हणते. मेरी कोमवरही धडा आहे, मुष्टियुद्ध खेळणारी, लेकरांची आई असून जगज्जेती झालेली. या गोष्टी लेकीकडून ऐका. तुम्हालाही आवडतील, आणि सांगता सांगता तिचा धडा पाठ होईल.

तिसरं, एकत्र बसवा. ज्या गावात चार-पाच मुली दहावीला आहेत, तिथं ग्रामसंघाची खोली किंवा समाजमंदिर संध्याकाळी उघडून द्या. गावात कोणी बारावी झालेली, कॉलेजला जाणारी मुलगी असेल तर तिला विनंती करा. जुने पेपर झेरॉक्स करून आणा. तीन तास घड्याळ लावून एक पूर्ण पेपर लिहायला लावा. घड्याळ लावून एकदाही न लिहिलेली पोरगी परीक्षेत शेवटचे प्रश्न सोडून येते. पत्राचे, माहितीचे, भाषांतराचे गुण त्या शेवटच्या पानांत असतात.

आणि एक काम करू नका. केंद्राच्या भिंतीवरून चिठ्ठ्या फेकायला घरातल्या पोरांना पाठवू नका. "सगळेच करतात" हे मला सांगू नका. परीक्षेतल्या गैरप्रकारांविरुद्ध १९८२ पासून राज्यात कायदा आहे, आणि पकडली जाते ती आपली पोरगी, चिठ्ठी टाकणारा पळून जातो. ज्या पोरीनं वर्षभर अभ्यास केला तिच्यावरही त्या केंद्रामुळे संशय येतो. गटात आपण खोटी सही चालवून घेतो का? मग लेकीला खोटं उत्तर का द्यायचं?

आणि तरी अडकली तर?

समजा सगळं करूनही इंग्रजीत राहिली. तर काय करायचं हे निकालाच्या आधी माहीत पाहिजे, कारण निकालाच्या दिवशी घरात रडारड असते, डोकं चालत नाही.

रागावू नका. त्या दिवशी तिला एकटीला सोडू नका. एक माणूस सोबत ठेवा.

एक-दोन गुणांनी राहिली असेल आणि पेपर चांगला गेला होता असं ती सांगत असेल, तर गुणपडताळणीचा आणि उत्तरपत्रिकेची छायाप्रत मिळवण्याचा अर्ज करता येतो. त्याला ठराविक दिवसांचीच मुदत असते, म्हणून लगेच शाळेत जा.

दुसरं, पुरवणी परीक्षा. २०१५ पासून दहावीची फेरपरीक्षा निकालानंतर लगेच पावसाळ्यात घेतली जाते. पूर्वीसारखं ऑक्टोबरपर्यंत थांबावं लागत नाही. फक्त राहिलेला विषय द्यायचा. पास झाली तर वर्ष वाचते. पण त्याचा अर्जही शाळेतूनच आणि मुदतीत भरावा लागतो. पेरणीच्या गडबडीत ही तारीख निघून जाते.

तिसरं, एटीकेटी. एक किंवा दोन विषयांत राहिलेल्या मुलीला अकरावीत प्रवेश घेता येतो. राहिलेला विषय पुढच्या संधींमध्ये काढायचा. म्हणजे मैत्रिणींसोबत ती कॉलेजला जाते, घरी बसत नाही. घरी बसली की अभ्यासाची सवय मोडते, आणि मग पाहुणे येतात.

फीचे पैसे नाहीत हे कारण गटाच्या बाईनं सांगू नये. अंतर्गत कर्ज कशासाठी आहे? बियाण्याला देतो, दवाखान्याला देतो. फेरपरीक्षेच्या फीला त्याच्या कितीतरी कमी पैसे लागतात.

आणि लग्न? अठरा वर्षांच्या आत नाही. २००६ चा कायदा आहे. कोणाच्या घरी असं काही शिजत असेल तर आधी गटानं त्या घरी जाऊन बसा, बोला. ऐकलंच नाही तर १०९८ वर फोन करा, हा लेकरांसाठीचा नंबर आहे.

तुमच्यासाठीही एक गोष्ट

इथं बसलेल्या कितीतरी ताया सातवी-आठवी-नववीत शाळेतून काढल्या गेल्या आहेत. तुम्हालाही दहावी देता येते. बाहेरून बसण्यासाठी १७ नंबरचा फॉर्म असतो. पाचवी पास असावी आणि वयाची चौदा वर्षं पूर्ण असावीत. वरच्या वयाचं बंधन नाही. शाळा सोडल्याचा दाखला आणि आधार घेऊन जवळच्या हायस्कूलमध्ये चौकशी करा. यंदाची मुदत संपली आहे, पुढच्या वर्षीची तयारी आजपासून करा. माय आणि लेक एकाच कंदिलाखाली, नाही, आता एकाच बल्बखाली अभ्यासाला बसल्या, तर लेकीला इंग्रजीचा धाक कशाला राहील?

आपल्या दशसूत्रीत बचत आहे, परतफेड आहे, हिशोब आहे. तसंच शिक्षणाचंही सूत्र आहे. ते आपण वाचतो आणि पुढं जातो. या महिन्याच्या बैठकीत ते सूत्र आलं की थांबा आणि इतिवृत्तात तीन ओळी लिहा. आपल्या गटात दहावीला कोण आहे, तिचं नाव. तिची तोंडी आणि लेखी इंग्रजीची तारीख. आणि निकालाच्या दिवशी तिच्या घरी गटातर्फे कोण जाणार, तिचं नाव. मी प्रत्येक गटाच्या रजिस्टरात या तीन ओळी बघणार आहे. कर्जाची थकबाकी जशी विचारते, तशी हीपण विचारीन.

पोरीला इंग्रजी आली तर उत्तमच. नाही आली, वेळ लागला, दोनदा बसावं लागलं, तरी ती आपली लेक आहे आणि तिचे बाकीचे पाच विषय पास आहेत. एवढं त्या दिवशी तिला कोणीतरी सांगायला पाहिजे. ते तुम्ही सांगा.

जय ज्योती, जय सावित्री.